रानडुकरासाठी कुठली बोअर? .३१५, .३०-०६, .२२ की घरातली बारा बोअर

पायथ्याचा_शेतकरी:

नमस्कार मंडळी. शेत भुदरगड तालुक्यात, वनहद्दीला लागून. तीन एकर आडसाली ऊस (८६०३२ जातीचा), एक एकर भुईमूग, ओढ्याकडच्या तुकड्यात भात. रानडुकरांचा कळप रात्री अकराच्या पुढं उतरतो. खाल्लेल्यापेक्षा लोळवलेला ऊस जास्त. पंचनामे झालेत, वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी परवानगीचा अर्ज दिलाय. ती हातात आल्याशिवाय काही करणार नाही.

वडिलांच्या परवान्यावर जुनी बारा बोअर दुनळी आहे. मला माझ्या नावावर परवान्याचा अर्ज करायचाय. त्यात रायफल मागावी का, आणि मागायची तर .३१५ की .३०-०६? काहीजण म्हणतात .२२ घ्या, आवाज कमी, काडतूस स्वस्त. परदेशी लोक लहान उपद्रवी जनावर आणि मध्यम शिकार दोन्हीला मिळून .२२३, .२४३, .३०८ सुचवतात. त्यातलं आपल्याकडं काय लागू पडतं? अंतर ३० ते ८० मीटर, वेळ रात्रीची. नेमकं सांगा, उपकार होतील.

परवाना_फाईल:

दादा, बोअर (नळीच्या भोकाचं माप) ठरवायच्या आधी कायदा बघा. निम्मी निवड तिथंच होते.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३(३). किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीवाली बंदूक (बारा बोअर यातलीच) संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी, एवढ्यांना कायद्यानं वाट मोकळी ठेवलीय. रायफलीचं तसं नाही. तिला सबळ कारण दाखवावं लागतं आणि ते जिल्हाधिकाऱ्यांना पटावं लागतं. म्हणून अर्जाला सातबारा, पंचनाम्यांच्या प्रती, वनहद्दीचा नकाशा आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडा. नुसतं 'डुकरांचा त्रास आहे' लिहून फाईल पुढं सरकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षं झालीय.

.३०८ डोक्यातून काढा. लष्करी ७.६२ चं काडतूस तिच्या चेंबरमध्ये (नळीच्या बुडातल्या काडतुसाच्या जागेत) बसतं, आणि .३०३ किंवा ७.६२ चं लष्करी काडतूस झाडू शकणारी रायफल प्रतिबंधित गटात येते. साध्या परवान्यावर ती मिळत नाही. .३१५ आपल्याकडं रुजली ती याच कारणानं.

.२२३ आणि .२४३ चा हिशेब वेगळ्या देशांतला आहे. तिथं कोल्हे-ससे मारायला .२२३: ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, सेकंदाला ९८० मीटरच्या आसपास, ऊर्जा १७०० ज्यूल. .२४३ मध्ये हलकी गोळी घातली तर कोल्हा, १०० ग्रेनची घातली तर हरीण, म्हणून एका रायफलीत दोन कामं. इंग्लंडमध्ये तर मोठ्या हरणासाठी किमान .२४० बोअर आणि १७०० फूट-पौंड ऊर्जा कायद्यानंच ठरवून दिलीय. आपल्याकडं ससा, साळिंदर, भेकर, सांबर कशालाच हात लावता येत नाही. त्यामुळं 'लहान-मोठं दोन्हीला एकच' हा प्रश्नच उरत नाही. तुमचं जनावर एकच, रानडुक्कर. त्याला पुरेल आणि परवान्यावर मिळेल एवढंच बघायचं.

डुक्करसुद्धा मोकळं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११(१)(ख) खाली लेखी आदेश मिळतो. त्यात क्षेत्र, मुदत आणि कुणी मारायचं हे लिहिलेलं असतं, ते शब्दन् शब्द वाचा. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. वनरक्षकाला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा, ते सांगतील तशी विल्हेवाट. मटणाचा वाटा घरी गेला की गुन्हा झाला.

नळी_आणि_दस्ता:

.२२ चं आधी मिटवतो, कारण सगळ्यात जास्त जनावरं हालहाल होऊन मरतात ती हिच्यामुळं.

.२२ लाँग रायफल म्हणजे ४० ग्रेनची शिशाची गोळी, वेग सेकंदाला ३३० ते ३८० मीटर, नळीच्या तोंडाशी ऊर्जा १४० ते १९० ज्यूल. कोल्हापूरला ही बोअर घरची आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं ते याच काडतुसावर, तेजस्विनी सावंत २०१० ला जगज्जेती झाली तीही याच. ५० मीटरवर १०.४ मिलिमीटरचा दहाचा गोल गाठायला हिच्यासारखी दुसरी बोअर नाही. पण ते कागदाचं काम. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली दोन-तीन बोटं जाड चिवट कवच असतं. .२२ ची गोळी तिथं अडकते नाहीतर बरगडीवर चपटी होते. जनावर उसात शिरतं, चार दिवस सडत जगतं, आणि त्या उसात पाणी पाजायला जाणाऱ्या माणसावर येतं. स्वस्त काडतुसाची किंमत अशी मोजावी लागते.

आता .३१५. हे जुनं ८×५०आर मानलिखर काडतूस. २४४ ग्रेनची बोथट, जड गोळी, वेग सेकंदाला ६२० मीटरच्या आसपास, ऊर्जा ३००० ज्यूल, म्हणजे .२२ च्या पंधरा-वीसपट. वेग कमी असल्यानं गोळी फुटून चुरा होत नाही, आत खोल जाते. ८० मीटरच्या आत रानडुकराला हिच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीची रायफल, खडकीचं काडतूस, दोन्ही देशातलं. घेताना दोन गोष्टी बघा. काडतूस मऊ टोकाचं घ्या. पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी आरपार जाते, भोक बारीक पाडते आणि पलीकडं कुठं जाईल सांगता येत नाही. दुसरं, एकाच लॉटची पाकिटं मागा. लॉट बदलला की मार, म्हणजे गोळी लागायची जागा, बदलते.

.३१५ मध्ये नवशिक्याचा एक घोटाळा ठरलेला. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. मॅगझिन भरताना वरच्या प्रत्येक काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढं बसली पाहिजे. मागं बसली तर बोल्ट पुढं ढकलताना दोन काडतुसं एकमेकांत अडकतात आणि पहिली गोळी चुकली तर दुसरी मिळतच नाही. दिवसा, दारू नसलेल्या डमी काडतुसांवर, बोटांना सवय होईपर्यंत भरून बघा.

नेम बसवणं असं: मान्यताप्राप्त रेंजवर, वाळूच्या पिशवीवर दस्ता आणि पुढचं लाकूड टेकवून. नळी कशालाही टेकवायची नाही, टेकवली की मार उचलतो. ५० मीटरवर तीन गोळ्या, नळी गार होऊ द्या, परत तीन. मार खुणेच्या साधारण एक इंच वर बसवा. मग १०० मीटरला तो खुणेवर येतो आणि १५० ला चार-पाच इंच खाली जातो. गोळ्या उजवीकडं जात असतील तर पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा) उजवीकडंच सरकवायची, डावीकडं गेल्या तर डावीकडं. मार खाली असेल तर माशी उंच आहे असं समजा, पण लगेच कानस चालवू नका, आधी सहाच्या सहा गोळ्या मोजा. जास्त वेळा दोष चाप झटक्यात ओढण्यात सापडतो.

तुमची हद्द किती हे ठरवायला १५ सेंटिमीटरची ताटली लावा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत, ते तुमचं अंतर. पुस्तकात १५० लिहिलं असलं तरी तुमचं ६० असेल तर ६०.

.३०-०६ वाईट नाही. १८० ग्रेन, सेकंदाला ८२० मीटर, ३९०० ज्यूल. पण तुमच्या ८० मीटरला तिचा सपाट मार वाया जातो आणि धोका तेवढा वाढतो.

दरीकाठ:

शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. .३०-०६ मध्ये १५० ग्रेनची मऊ टोकाची गोळी घेतली तर ती छातीत लवकर उमलते आणि बरीच ताकद आतच सोडते. .३१५ ची २४४ ग्रेनवाली जड गोळी डुकराच्या बरगड्यांतून सरळ पार होते. मागं काय आहे याची एवढी काळजी असेल तर उलट .३०-०६ बरी. शिवाय तिच्या काडतुसाला बाहेर आलेली कडा नाही, त्यामुळं मॅगझिनमध्ये अडकायचा प्रश्न नाही. दुर्बीण बसवलेली असेल तर रात्रीच्या उजेडात उघड्या माशीपेक्षा नेम कितीतरी स्वच्छ लागतो. आजरा-चंदगडकडं एका टेकाडावरून समोरच्या उतारावर मारायचं असेल तर मी डोळे झाकून .३०-०६ सांगेन. तिथं गोळीमागं अख्खा डोंगर असतो.

नळी_आणि_दस्ता:

लागलेल्या गोळीबद्दल तुमचं बरोबर आहे. चुकलेल्या गोळीचं काय? .३०-०६ ची चुकलेली गोळी चार-पाच किलोमीटर जाऊ शकते. .२२ सुद्धा अडीच किलोमीटरच्या जवळ जाते, पाकिटावर तसा इशारा छापलेला असतो. डोंगर समोर असेल तिथं तुमचा सल्ला मान्य. भुदरगडच्या सपाट पट्ट्यात नाही.

उसाच्या_सरीतून:

हाच मुद्दा मला धरून ठेवायचाय. आपल्या भागात बोअर डुकराकडं बघून ठरत नाही, डुकराच्या मागं काय आहे त्यावर ठरते.

ऊस म्हणजे पडदा. त्याच्या पलीकडं रात्री कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं. शेतीची लाईट रात्रीची आली की दोन वाजता बॅटरी घेऊन माणूस सरीत पाणी फिरवत असतो. हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या खोपी फडाच्या कडेलाच, आत लेकरं झोपलेली. त्यामुळं पहिला नियम: उसात गोळी घालायची नाही. पानं हलली, आवाज आला, 'डुक्करच असणार' वाटलं, तरी नाही. जनावर उघड्यावर, भुईमुगात किंवा बांधावर, अख्खं दिसलं तरच.

ओळखण्याचं एक जवळचं लक्षण सांगतो. बॅटरीच्या झोतात गवा, गाय-म्हैस, कुत्रं, सांबर यांचे डोळे लख्ख चमकतात. डुकराच्या डोळ्यात मागं तो चमकणारा पडदा नसतो, डोळे मंद दिसतात किंवा दिसतच नाहीत. म्हणजे डोळे चमकले की बोट चापावरून काढायचं. पण उलटं धरू नका. माणसाचे डोळेही चमकत नाहीत. न चमकणारं जे काही आहे त्याचं लांब तोंड, पाठीचे केस, चार पाय दिसल्याशिवाय नाही. राधानगरी-दाजीपूरकडून गवे खाली उतरतात हे तुम्हाला सांगायला नको. गवा अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे, आणि अर्धवट लागलेला गवा कुणाला सोडत नाही.

दुसरं, उंची. जमिनीवर उभं राहून ४० मीटरवर मारलं तर डुकराच्या छातीतून पार झालेली गोळी जमिनीला टेकायला आणखी वीसेक मीटर जाते. डोळ्याची पातळी साडेतीन मीटरवर नेली, म्हणजे मजबूत माळा बांधला, आणि अंतर ३० वर आणलं, तर तीच गोळी पाचेक मीटरमध्ये मातीत जाते. माळ्याचा फायदा इथं आहे, डुक्कर वर बघत नाही हा नंतरचा. पण एवढ्यावर भागत नाही. कोन अजून उथळच असतो. जांभ्याचा कातळ, दगडी ताल, भाताच्या खाचरातलं पाणी यांच्यावरून गोळी उसळून जाते. मागं मऊ मातीचा उंच बांध येईल अशीच माळ्याची जागा निवडा, आणि दिवसा त्या जागेवरून गोळीच्या रेषेत पलीकडं चालत जाऊन बघा. घर, गोठा, पाणंद, मोटरची पेटी, काय काय लागतं ते. डाव्या-उजव्या हद्दीला चुना लावलेले दोन खुंट ठोका. त्यांच्या बाहेर मारायचं नाही.

वारा तुमच्याकडं येत असेल त्याच बाजूला बसा. डुकराची नजर कमी, नाक जबर. बॅटरी तुमच्या हातात नको. मागं उजव्या खांद्यावरून साथीदारानं धरली की जनावरही दिसतं आणि माशीही. माशीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला की आणखी बरं.

नेम कुठं: हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढं असतं. जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. पाठीच्या कण्याकडं वर मारलं तर जनावर क्षणभर कोसळतं आणि उठून पळतं. तिरकं, तुमच्यापासून दूर तोंड असेल तर पलीकडच्या पुढच्या पायावर नेम. समोर तोंड करून उभं असेल तर थांबा. पिलं मागं असलेली मादी सोडा.

गोळी लागल्यावर लगेच मागं धावायचं नाही. अर्धा तास बसा. रक्त लालभडक, फेसाळ असेल तर फुप्फुस, जनावर जवळच आहे. काळपट असेल तर यकृत, आणखी थांबा. हिरवट आणि घाण वास असेल तर पोटात लागलीय, उजाडल्याशिवाय आणि वनखात्याच्या माणसाशिवाय उसात पाऊल टाकू नका. सुळे गुडघ्याच्या उंचीवर चालतात, मांडीची शीर तिथंच असते.

पायथ्याचा_शेतकरी:

मंडळी, डोळ्यावरची पट्टी काढलीत. दरीकाठ भाऊंचंही पटलं, पण आमच्याकडं मागं डोंगर नाही, ओढा आणि शेजाऱ्याचा ऊस आहे. मग माझा अंदाज असा की मी रायफल मागायच्या ऐवजी बारा बोअरचाच परवाना मागावा, आणि ३० मीटरच्या आत माळा बांधावा. घरातली दुनळी वडिलांनंतर माझ्या परवान्यावर येऊ शकेल. तिला काय बघायचं? काडतूस कुठलं?

नळी_आणि_दस्ता:

तुमच्या जागेला तेच योग्य. आता बंदुकीचं.

सगळ्यात आधी चेंबरची लांबी. जुन्या विलायती दुनळ्या बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या असतात. नळीच्या बुडाखालच्या सपाट भागावर ठशात ती कोरलेली दिसते. आजचं काडतूस ७० मिलिमीटरचं. तोंडाची घडी बंद असताना ते अडीच इंची चेंबरमध्ये बसतं, म्हणून लोक फसतात. झाडल्यावर तोंडाची घडी उलगडायला जागा मिळत नाही, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि दाब वाढतो. ठसा वाचता आला नाही तर परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकाराकडून गेजनं मोजून घ्या. त्याच वेळी नळ्या जिथं जोडल्यात तिथं हलतात का, आत खड्डे किंवा फुगवटा आहे का, तेही. उजेडाकडं धरून आत बघितलं तर फुगवटा काळ्या कड्यासारखा दिसतो. तो दिसला की ती बंदूक भिंतीवर.

दुसरा चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळ. दुनळीत बहुतेक उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली. साधी गोल एकगोळी (छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) आवळलेल्या नळीतून मारू नका, तोंडाशी नळी फुगू शकते. ती उजवीतूनच.

काडतूस: पाखरांचे बारीक छर्रे डुकराला कधीच नाहीत, ते .२२ इतकेच क्रूर. एलजी म्हणजे औंसाला ६ छर्रे, एसजी म्हणजे औंसाला ८. एलजीच घ्या, प्रत्येक छर्रा जड असल्यानं कवचाच्या मागं पोचतो. हद्द २५ मीटर, फार तर ३०. पुढं छर्रे पसरतात आणि एखाद-दुसराच लागतो. कागदावर मारून बघा: मोठ्या कागदावर १५ सेंटिमीटरचा गोल काढा, २५ मीटरवरून प्रत्येक नळीनं दोन काडतुसं. गोलात किमान चार एलजी पडत नसतील तर पाच मीटर पुढं या आणि परत मोजा. जिथं चार पडतात ती त्या नळीची हद्द. एकगोळीनं ४० मीटरपर्यंत जाता येतं, पण दुनळीच्या दोन नळ्या एकाच जागी मारतात असं धरू नका, दोन्हींचा मार वेगळा मोजा.

राधानगरी-भुदरगडच्या पावसात रात्रभर माळ्यावर बसलेली बंदूक सकाळीच पुसायची. कोरडा चिंधा, मग तेलाचा हात, आणि झाडलेली असेल तर नळीत ब्रश. ओल्या म्यानात ठेवली की आठवड्यात गंज.

परवाना_फाईल:

एक राहिलं. वडिलांची बंदूक आज तुम्ही उचलून माळ्यावर नेऊ शकत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वनखात्याच्या आदेशात ज्याचं नाव आणि ज्याच्या परवान्यावर हत्यार, तो माणूस एकच असायला हवा. म्हणून तुमचा परवाना होईपर्यंत वनक्षेत्रपालांच्या अर्जात वडिलांचं नाव टाका, किंवा गावातल्या दुसऱ्या परवानाधारकाचं, त्याच्या संमतीपत्रासह. काडतुसं किती ठेवायची ती संख्या परवान्यावर छापलेली असते, विक्रेत्याची पावती जपून ठेवा. निवडणूक लागली की हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात, तेव्हा डुकराचा हंगाम असला तरी इलाज नसतो. त्या दिवसांसाठी सौर कुंपणाचा अर्जही आत्ताच वनखात्याकडं देऊन ठेवा, जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान आहे. आणि गावात कुणी कुंपणात थेट वीज सोडायचं बोलत असेल तर त्याला आजच थांबवा. त्या तारेला डुकराच्या आधी पाणी पाजणारा माणूस लागतो.

पायथ्याचा_शेतकरी:

उद्याच दुनळी मोजायला देतो, वडील सोबत येतील. अर्जातलं नावही बदलून घेतो. माळ्याची जागा ओढ्याच्या वरच्या अंगाला बघितलीय, मागं सहा फुटी मातीचा बांध आहे आणि त्यात दगड नाही.

उसाच्या_सरीतून:

बांध पावसानं खचतो, पाऊस संपल्यावर परत उंची मोजा. आणि बांधामागं पाणंद आहे का तेवढं सांगा.